रांजनातली खसखस

सरजाबाई गेली त्या दिवशी सकाळी ऊन लख्ख पडलं हुतं. त्याच्या आधी झड लागलेली. भितीला ओल, सरपनाला ओल, चूल नुसती धूर वकायली. मंग ते ऊन आलं आन सरजाबाई उठल्या उठल्या घरामागं लिंबाकडं गेली. तिथं तिचा रांजन. काठ फुटलेला, पोटाला तार आवळलेली, आन आत हिरवंगार पानी.

"पारू, आज रांजनाला कुनी हात लावू नका गं. आज ऊन हाय. आज ती वर येतील."

पारूबाई तिची धाकटी जाऊ. चुलीम्होरं बसून भाकरी थापायली हुती. तिनं मान सुदिक वळवली न्हाई.

"कोन येनार हाय, आक्का? पाव्हने असतील तर आधीच सांगा, जास्तीचं पीठ घेते."

"तुजी थट्टा तुज्यापशी ठिव."

जरा येळ गेला. मंग मागून सरजाबाईची हाक आली, अशी की कोंबड्या पांगल्या. "पारू! अगं खसखस आली! ये की लवकर, खसखस आली बघ!"

"आली असंल तर वाटून आमटीत घाला," पारू बसल्या जागेवरनं म्हनली. तव्यावर भाकरी, टाकून कशी जानार.

ती भाकरी उतरली, दुसरी पडली, ती बी फुगली. मागून काईच आवाज न्हाई. सरजाबाई गप बसनारी बाई न्हवं. भांडायला कुनी न्हाई गावलं तर ती शेरडाशी बोलायची. पारूनं हात पुसले आन मागं गेली. सरजाबाई रांजनाला टेकून बसली हुती. एक हात काठावर, गाल त्या हातावर. पदर पान्यात पडलेला.

"आक्का, पदर भिजायलाय," पारू म्हनली. मंग तिनं खांद्याला हात लावला.

नंतर बायांनी लई इच्यारलं, मरताना तोंड कसं हुतं गं? पारू म्हनायची, "काईतरी बघत बसलेल्या मानसाचं असतंय तसं."

आता ही खसखस काय, ते सांगायचं तर बहात्तरच्या दुष्काळात जावं लागतंय.

त्या साली उदगीरच्या हिकडल्या अंगाला पाऊस पडला न्हाई म्हंजी न्हाईच. सगळं गाव दुष्काळी कामावर. गावाखाली जुनं तळं हुतं, त्याच्याच खालच्या अंगाला सरकारनं पाझर तलावाचा बांध घालायला काढला. पाटलाच्या सुना आन बुद्धवाड्यातल्या बाया एकाच रांगंत मातीच्या पाट्या उचलायल्या. दुपारी खायाला सरकारी सुकडी मिळायची. तळ्याला पानी हुतं तवर दोन घाट हुते, त्यांचा येगळा, आपला येगळा. तळ्याचं डबकं झालं आन घाटच ऱ्हायला न्हाई. एवढ्याशा डबक्यात कुनाला कुठं येगळं उभं करनार? सगळ्याच बाया लुगड्याचं धडपं घागरीच्या तोंडाला लावायच्या, शेवाळ वर अडकायचं, ते झटकून फेकायच्या आन पानी घिऊन जायच्या.

त्या डबक्यावर एक दिवस नांदेडच्या कालेजातले शिद्धेश्वर सर आले. हडकुळा मानूस. खांद्याला खाकी पिशवी, हातात लाकडी पेटी. पँटी वर दुमडून पान्यात उतरले आन हातानं शेवाळ गोळा करून बाटल्यात भरायले.

नरसिंग मुकादम लांबून वरडला, "बायांनो, सुकडी बंद हुनार हाय बरं का! सरकार आता शेवाळाची भाजी वाटायलंय, मास्तर नमुना घिऊन चाललेत!"

सगळ्या हासल्या. सरजाबाई बी हासली, पन ती घागर ठिवून म्होरं गेली. ती तशीच हुती. दुसरी बाई ज्याला लाजंल त्याच्या ती तोंडावर जाऊन उभी ऱ्हायची.

"सर, ह्या घानीत काय हुडकायलाव?"

"घाण नाही, बाई. हात पुढे करा," सर म्हनले. त्यांनी तिच्या एका तळव्यावर एक बुचका ठिवला, दुसऱ्यावर दुसरा. "डोळे मिटा. आता सांगा, दोन्ही एकच का?"

"न्हाई बा. हे रेशमावानी सुळकन् निसटायलंय. आन हे सुताच्या गुंड्यावानी खरखरीत हाय."

"बघा. डोळ्यांना एकच हिरवं दिसलं, बोटांना दोन कळली. आणि हे?" त्यांनी तळातून काढलेली एक काडी तिच्या नाकाम्होरं धरली.

"आगं माय! ह्याला तर लसनाचा वास हाय."

"तेही शेवाळच, पण तिसरं."

मंग सरांनी पेटी उघडली. आत पितळंची दुर्बीन. आभाळातली न्हवं, थेंबातलं बघायची. खाली बारका आरसा, त्यानं उजेड धरायचा. सरांनी काचंच्या पट्टीवर थेंब टाकला आन सरजाबाईला म्हनले, बघा.

"काळं काळं गवत दिसायलंय, सर."

"ती तुमची पापणी आहे."

सगळ्या बाया मातीच्या ढिगावर लोळायच्या बाकी ऱ्हायल्या. सरजाबाईनं पदरानं डोळा पुसला आन परत वाकली. आन मंग ती उठंचना. तिला एक काचंची नळी दिसली, आन त्या नळीत हिरवी पट्टी, बांगडी उकलून वळत वळत घातल्यावानी, ह्या टोकापासून त्या टोकापातुर. सरांनी थेंब बदलला. आता नळी तशीच, पन आत एकेका खनात दोन दोन चांदन्या. मंग एक चंद्रकोर, एकलीच, हिरवी. मंग एक जाळी, कोळ्याच्या जाळ्यावानी, पन कुटं गाठ म्हनून न्हाई.

"ह्याला म्हनत्यात काय?" तिनं त्या बांगडीवाल्या नळीचं नाव इच्यारलं.

"स्पायरोगायरा."

"ऱ्हाऊ द्या. आमी बांगडीवालं म्हनू."

"म्हणा की. फक्त रंगावर जाऊ नका. हिरवी सगळीच आहेत. आत काय आहे, पट्टी आहे का चांदणी, ती कशी मांडली आहे, ते बघायचं. तेव्हा कुठं ओळख पटते."

"म्हंजी मानसाला त्याच्या वाड्यावरनं वळखू न्हाई, तसंच की," सरजाबाई म्हनली. शेजारच्या पाटलाच्या सुनंनं घागरीत बघितल्यासारखं केलं.

सरजाबाईनं पारूला वढत आनलं. "बघ गं पारू, बघ, येवडं सगळं रोज झटकून फेकायलोत आपन!" पारूनं डोळा लावला. तिला काई दिसलं न्हाई. ती चुकीचा डोळा झाकायली हुती, पन सांगनार कोन? "हाव, हाव, दिसायलंय," म्हनून ती पाटी उचलायला गेली.

दुपारी सर बाभळीखाली भाकर खायला बसले. सरजाबाईला राहवंना. तिनं आपल्या घागरीतलाच एक थेंब काडीनं काचंवर टाकला, आरसा उजेडाला फिरवला, आन डोळा लावला.

एक गोळा हुता. हिरवा. त्याच्यावर बारीक बारीक टिपके, खसखशीचा लाडू वळल्यावानी, पन आरपार दिसनारा. आन तो फिरायला हुता. हात न्हाई, पाय न्हाई, ढकलनारा कुनी न्हाई, आन आपल्याच तालात गोल गोल फिरत चाललाय. आन त्याच्या पोटात आनखी बारके गोळे. ते बी गोल.

"सर! सर वो! ह्याच्या पोटात लेकरं हायेत!"

सर हातातली भाकर टाकून पळत आले. वाकले. बघितलं. परत बघितलं. उन्हाचा तडाखा असा की तेवढ्या येळात थेंब वाळून काचंवर नुसता डाग ऱ्हायला हुता. सरांनी घागरीतला थेंब घेतला, डबक्यातला घेतला, कितीदा घेतला. बांगड्या निघाल्या, चांदन्या निघाल्या, तो गोळा काई निघाला न्हाई.

सरांनी काच पुसून ठिवली. "बाई, तुम्ही व्हॉल्व्हॉक्स बघितला. या भागात मी कधीपासून तो शोधतोय."

"मंग लिवा की तुमच्या बुकात. सापडला म्हनून."

"मी स्वतः बघितल्याशिवाय लिहिता येत नाही."

"म्हंजी माजा डोळा खोटा?"

"डोळा खरा आहे, बाई. पण मला दिसायला पाहिजे."

हे तिच्या काळजात रुतलं. राग न्हवता त्यात. पन गावानं, कामावरल्या बायांनी, घरच्यांनी मंग तिला सुचू दिलं न्हाई. "सरजे, लेकरं पोटात हायेत का भाईर आली?" कुनी बी इच्यारायचं. पारू म्हनायची, "आक्का, मला तीन झाली, मी कदी अशी गिरक्या घेत फिरले न्हाई. ती बाई कोन म्हनायची?" सरजाबाई एकच बोलायची, "सरांना दावीन त्या दिवशी तुमची तोंडं बघते." तवापासनं तिच्या जिवाला तेवढा एकच ध्यास. जे तिनं बघितलं ते सरांच्या डोळ्याला दिसावं.

जाता जाता सरांनी तिला सांगितलं हुतं की पानी आटायला लागलं की त्या गोळ्यात लालसर, टनक कवचाचं बी तयार हुतंय. ते चिखलात झोपून ऱ्हातंय. चिखल वाळून ढेकूळ झाला तरी मरत न्हाई. परत पानी आलं की जागं हुतंय.

तळं पार आटलं, भुईला भेगा पडल्या, तवा सरजाबाईनं तळातली ढेकळं पाटी भरून डोक्यावर घरी आनली. बी म्हनलं की बाईमानसाला शिकवावं लागत न्हाई. ज्वारीचं बी ठिवायचं, तुरीचं बी ठिवायचं, तसंच हे. तिनं ढेकळं कुटून भुगा केला, चाळून राख मिसळली, लिंबाचा पाला घातला, गाडग्यात भरलं. वर झाकनी ठिवून तोंडं लिंपायला त्याच तळ्याचा चिखल. तो कालवायचं काम पारूला दिलं. पारू पुटपुटत कालवायली, "हितं खायाला दाना न्हाई, आन आमी चिखलाला चिखलानं लिंपायलोत."

म्होरल्या साली पाऊस झाला. जुनं तळं नव्या पाझर तलावाच्या पोटात बुडून गेलं, त्याची जागा सुदिक सांगता यीना. सरजाबाईनं एक गाडगं फोडलं, रांजनात आभाळाचं पानी धरलं, त्यात मूठभर भुगा टाकला. काई दिवसांनी पान्यावर नुसता तवंग आला. म्होरल्या वर्षी परत. त्याच्या म्होरल्या वर्षी परत. कदी रांजन लिंबाच्या सावलीत, कदी उन्हात, कदी भितीला चिकटून. गाडगी एकेक करून सरत गेली. गोळा काई आला न्हाई.

"बीच वांझ हाय, आक्का," पारू म्हनायची.

"बी वांझ नसतंय. रांजनाची जागा चुकायली."

मंग लातूर जिल्हा झाला. आमचं गाव जागचं हललं न्हाई, पन निजामात बिदर, मंग उस्मानाबाद, आन आता लातूर. उदगीरच्या पोरांनी गुलाल उधळला, पेढे वाटले. म्हातारी मानसं म्हनली, आता पुढचा कोनता? त्याच साली सुगीत शिद्धेश्वर सर परत आले. डोक्याचे केस पांढरे झालेले, पेटी तीच.

"बाई, नवा जिल्हा झाला. आता लातूरच्या शेवाळांचं वेगळं लिहायचंय. सगळं पुन्हा बघतोय."

"सर, शेवाळाला कुनी कळवलं का जिल्हा बदललाय म्हनून?"

सर लई दिवसांनी असं हासले असावेत. सरजाबाईनं मोठ्या हौसंनं आदलं फोडलेलं गाडगं म्होरं ठिवलं. त्यात तळाला थोडा भुगा शिल्लक हुता. सरांनी आत हात घातला, भाईर काढला, बोटं बघितली.

"हे राखाडी काय आहे?"

"राख. बी म्हनलं हुतं न्हवं तुमी? किडू ने म्हनून घातली."

सरांनी बोटं झटकली. मंग हळूच म्हनले, "धान्याला राख चालते, बाई. ह्याला नाही. राखेत पाणी पडलं की ते खारं होतं, धुण्याच्या सोड्यासारखं. त्यात हे जगत नाही."

"सगळं मेलं?"

सरांनी गाडगं खाली ठिवलं.

"म्हंजी मी इतकी सालं मढ्याला पानी घालायले," सरजाबाई म्हनली. रडली न्हाई. रांजनाकडं बघत बसली. 

पारू च्या घिऊन आली हुती. तिनं कपबशा खाली ठिवल्या. आन तिच्या तोंडातून निघून गेलं, "आक्का, तोंडाच्या लिंपनात कुठं राख हुती? तो चिखल मी कालवला हुता. मी त्यात शेन बी घातलं न्हाई, आळस केला. नुसता तळ्याचा चिखल."

सरजाबाईनं मान वर केली. उतरंडीच्या तळाला एक गाडगं अजून बंद हुतं, शेवटचं. तिनं ते दोन्ही हातानं उचलून आनलं. तोंडावरचं लिंपन दगडावानी वाळलेलं, त्याच्यावर पारूच्या बोटांचे वळ तसेच.

सरांनी त्या वळावरनं बोट फिरवलं. "हे कोरडंच ठेवा. पावसाळ्यात रांजण घासून धुवा, नुसतं पावसाचं पाणी भरा, आणि हे लिंपण त्यात सोडा. सकाळचं ऊन लागेल असं ठेवा. ती उजेडाकडे येतात, वर, खसखशीएवढी दिसतात. मी पोळ्याच्या आधी येतो."

"आळशी जाऊ असावी एक घरात," सरजाबाई पारूला म्हनली. तिच्या तोंडून पारूची तारीफ ती तेवढीच.

असं ते लिंपन त्या रांजनात हुतं, ज्याला टेकून ती गेली.

मयत अंगनात असतानाच शेजारची सुमनबाई आली. वयानं थोर, तिला नाही म्हनायची कुनाची टाप न्हाई. "मयताच्या घरातलं पानी ठिवू न्हाई. वता सगळं."

सरजाबाईचा मालक मारोती कसाबसा बोलला, "आपन छप्पन सालीच ते रिवाज सोडलेत, काकू."

"आपन सोडले बाबा. पान्याला काय कळतंय?"

त्याच्यात भांडायचं बळ न्हवतं. बायांनी हंडे वतले, घागरी वतल्या, कळशी पालथी केली. मंग दोघीजनी घरामागं गेल्या आन रांजन कलंडायला त्याच्या काठाला हात घातला. पारू मयताजवळून उठून पळत गेली. तिनं रांजनाला कवळा घातला.

"ह्याला हात लावायचा न्हाई. आक्कानं सकाळीच सांगितलंय."

"अगं, ती गेली पारू."

"ती गेली म्हनून तिचं सांगनं बी गेलं का?"

बाया मागं सरल्या. सुमनबाई म्हनली, "ऱ्हाऊ द्या, तिचं डोस्कं ठिकान्यावर न्हाई." पारूनं वाकून आत बघितलं. ऊन कलून गेलतं, रांजनावर भिताडाची सावली. हिरवं पानी. खसखस न्हाई, काई न्हाई. तिनं बाभळीची एक फांदी आनून काठावर टाकली, शेरडांनी तोंड घालू ने म्हनून.

गेलेल्याच्या नावानं जलदान असतंय, त्या दिवशी सकाळी परत ऊन हुतं. बुद्धाचा आन बाबासाहेबांचा फोटो मांडला, म्होरं सरजाबाईचं घडी घातलेलं लुगडं. उपासकानं गाथा म्हनल्या आन मारोतीनं तांब्यानं वाटीत पानी सोडलं, वाटी भरून भाईर वाहीपातुर. त्याच येळंला यष्टी आली. सर पेटी घिऊन अंगनात शिरले आन लुगड्याकडं बघून तसेच उभे ऱ्हायले. त्यांना कुनी कळवलंच न्हवतं.

"मला उशीर झाला," ते म्हनले.

"तुमी येळंवर आलाव सर. तीच घाई करून गेली," पारू म्हनली. "चला. रांजन हाय."

सरांनी बाभळीची फांदी बाजूला केली. उन्हाच्या अंगाला, काठापशी, पान्यात बारीक हिरवे टिपके. खसखशीयेवढेच. ते तरंगत न्हवते. हळूहळू फिरायले हुते. सरांनी काडीनं थेंब उचलला. पारूनं काच धरली.

सरांनी आरसा लावला. डोळा लावला. मंग ते हललेच न्हाईत. लोकं अंगनातून उठून मागं जमली, मारोती आला, सुमनबाई आली.  शेवटी सर बाजूला सरले, चष्मा काढला, आन पारूला हातानं खुनावलं.

"कुठलाच डोळा झाकू नका. दोन्ही उघडे ठेवा," ते म्हनले.

पारू वाकली. आधी पापनी दिसली. मंग उजेड. आन मंग तो गोळा आला. आक्का सांगायची तस्साच. हिरवा, आरपार, टिपक्याटिपक्यांचा, एकेक टिपका जिता. हात न्हाई पाय न्हाई, आन अंगातल्या अंगात फिरत असा चाललाय की जनू त्याला कुठं जायचंय ते पक्कं ठावं हाय. पोटात बारके गोळे, ते बी जागच्या जागी फिरायलेत.  हे सगळं ह्या घरामागं हुतं. हे सगळं तिनं बोटानं लिंपलं हुतं. आन ती बघायली तवाच थोरला गोळा एका अंगाला उकलला. आवाज न्हाई, काई न्हाई. आतलं एक लेकरू भाईर निघालं, मंग दुसरं. फिरत फिरत ती उजेडात गेली. थोरल्याची नुसती झिरझिरीत खोळ मागं ऱ्हायली.

"काय दिसायलंय गं?" सुमनबाईनं इच्यारलं.

"आक्का खोटं बोलत न्हवती," पारू म्हनली.

तेवढ्यात तिला दिसलं, थेंबाची कड आत सरकायलीय. ऊन लागून थेंब बारका हुयालाय, आन लेकरं मधल्या पान्यात गोळा हुयालीत. तिनं झटक्यात दुर्बिनीखालची काच काढून घेतली.

"अहो थांबा, मला अजून चित्र काढायचंय!" सर म्हनले.

"रांजन भरून हाय सर, दुसरा थेंब घ्या. हा वाळायलाय."

तिनं काच रांजनात बुडवली, आडवी धरली, आन पान्यात हळू हळू हलवत ऱ्हायली, काचंवर काईच चिकटून ऱ्हायलं न्हाई असं दिसंपातुर.